यंत्राला भ्रम होतो तेव्हा

माणूस विसरला तर निदान डोके तरी खाजवतो. संगणकाचे तसे नाही. त्याची स्मृती बिघडली तरी तो चुकीचे तेच बरोबर म्हणून ठणकावून सांगतो, आणि तसेच लिहूनही ठेवतो. तेव्हा वाचकहो, सुटे भाग आणून जुळवलेला जुना संगणक ज्यांच्या घरी अजून चालू आहे, त्यांनी चकली खाता खाता एवढे वाचावे.

आमच्या थोरल्या बंधूंकडे असाच एक आहे. २०१२ साली पुतण्याने लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने फिरून भाग जमवले आणि घरी बसून यंत्र उभे केले. पुतण्या आता परगावी, यंत्र दादांपाशी. यंदा श्रावणात ते मधूनच निळा पडदा दाखवून बंद पडू लागले, आणि कारण म्हणून दर वेळी निराळेच इंग्रजी! त्यातच दादांनी बहिणींसाठी घरातले सगळे फोटो नव्या डिस्कवर उतरवायला घेतले, तो काही फोटो निम्मे करडे. दुकानदार म्हणाला, हार्ड डिस्क गेली. वहिनी म्हणाल्या, "सगळं यंत्रच गेलं म्हणा की!"

मी तेच फोटो पुन्हा उतरवून पाहिले. या खेपेस भलतेच फोटो बिघडले. आधीचे स्वच्छ आले. "दादा, कॉपी करणं आधी थांबवा," मी म्हटले. डिस्कचा दोष बहुधा ठरावीक जागी सापडतो. इथे जागा बदलत होती, म्हणून संशय रॅमवर. कारण इकडचा फोटो तिकडे जातो तो रॅममधूनच.

चार जीबीच्या एका पट्टीत सुमारे ३,४०० कोटी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येकात विजेचा कणभर साठा, आणि तोही गळका. ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. एखादा कप्पा अधू झाला की एकाचा शून्य होतो. एवढ्याने काय बिघडते? संगणकाच्या लिपीत 'क' आणि 'ग' यांच्यात अशा एकाच कप्प्याचे अंतर आहे, 'काय'ची 'गाय' व्हायला वेळ लागत नाही. शून्य आणि आठ यांचेही तेच. जमाखर्चात १००चे १८० झाले तर कळणार कोणाला? गूगलच्या यंत्रांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत अशी निदान एक तरी चूक आढळली होती. पण त्यांच्या पट्ट्या चूक ओळखून सुधारणाऱ्या. घरगुती यंत्रात ती सोय बहुधा नसते.

मेमटेस्ट८६+ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरूनच यंत्र सुरू केले. रात्रभर ठेवायचे होते, पण तासाभरातच तांबड्या ओळी उमटल्या. मग वायर काढली, लोखंडी पेटीला हात लावून अंगावरची वीज उतरवली आणि दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या. सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, भुगा झटकला. (वहिनींनी स्लॉटमधली धूळ पाहून तोंडाला पदर लावला.) पुष्कळदा एवढ्यावरच भागते. आमचे भागले नाही.

पुढे घाई कामाची नाही. एका वेळी एकच पट्टी, एकच स्लॉट, एक रात्र. पहिली पट्टी सकाळपर्यंत निर्दोष. दुसरी दहा मिनिटांत चुकली. स्लॉट बदलला तरी चुकली. गुन्हेगार सापडला. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटात चुकल्या असत्या तर स्लॉट दोषी. सगळीकडेच चुकल्या असत्या तर वेग वाढवलेला आहे का आणि पॉवर सप्लाय थकला आहे का, ते पाहावे लागले असते. बदली आणताना जुन्या यंत्राला डीडीआर३ लागत असेल तर तीच मागावी; डीडीआर४ची खाच निराळी, ती बसतच नाही.

उरलेल्या एका पट्टीवर यंत्र संथ पण शहाण्यासारखे चालते. फोटो पुन्हा उतरवले आणि मूळ व नक्कल प्रोग्रामकडून ताडून घेतली. मूळ फोटो नुसते वाचले गेले होते, म्हणून शाबूत होते. मात्र श्रावणानंतर दादांनी उभे-आडवे करून त्याच नावाने पुन्हा साठवलेल्यांपैकी तीन गेले. दोघांचे कागदी फोटो नागपूरच्या ताईकडे निघाले. तिसऱ्यात वडील सायकल धरून उभे आहेत. त्यात आता सायकल नाही, खांद्यापर्यंतचे वडील तेवढे आहेत.