अर्धा तास कानांसाठी

मैत्रिणींनो, घरात सगळ्यांत जास्त राबतं ते काय, असं कुणी विचारलं तर आपण हात दाखवू, पाय दाखवू, फार तर कंबर दाखवू. कानांचं नाव कुणी घ्यायचं नाही. पण डोळे उघडायच्या आधीच ते कामाला लागलेले असतात. दूधवाल्याची हाक, कुकरची तिसरी शिट्टी, टाकी भरून वाहू लागलेलं पाणी, आतल्या खोलीतला सासऱ्यांचा खोकला आणि मुलांच्या खोलीतली ती नको इतकी शांतता! सगळ्यावर कान ठेवायचा तो आपणच. गाणंसुद्धा आपण याच कामाच्या कानांनी ऐकतो. रेडिओ ओट्याशेजारी, मिक्सर लावला की ध्रुवपद गेलं, फोडणी तडतडली की अंतरा गेला. शेवटी निवेदिका गाण्याचं नाव सांगते, तेव्हा कळतं की आपण ते ऐकलं!

आज हा विषय काढायचं कारण म्हणजे तुमची पत्रं. ‘मुलगा कॉलेजात गेला आणि चार हजारांचा हेडफोन मागू लागला. दोनशे रुपयांच्या वायरीतून गाणं ऐकू येत नाही का हो?’ असं वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणींनी विचारलं आहे. ऐकू येतं, जरूर येतं. पण चांगल्या हेडफोनची गोडी माणसाला लागते कशी, हे समजलं तर मुलाला उत्तर देणं सोपं जाईल. आणि कोण जाणे, त्यातलं थोडं आपल्याही वाट्याला येईल.

गंमत अशी की हेडफोन आला तोच मुळी स्वयंपाकघरातून. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून कानाला लावायची जोडी बनवली आणि ती तिथल्या आरमारानं घेतली. हवी होती बिनतारी संदेश ऐकायला. गाण्याचा त्यात संबंध नव्हता. पुढं रेडिओ आला. आपल्याकडे मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्या काळातले स्वस्तातले रेडिओ क्रिस्टलचे असत. त्यांना वीज नको, बॅटरी नको. पण आवाज इतका बारीक की हेडफोन कानाला लावल्याशिवाय काही कळायचं नाही. म्हणजे एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं! त्यावर विलायतेत लोकांनी युक्ती काढली. हेडफोन एका मोठ्या वाडग्यात ठेवायचा. वाडग्यात आवाज घुमतो आणि भोवती बसलेल्यांना थोडा थोडा ऐकू येतो. आपण मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवतो ना, तीच ही युक्ती.

खास गाण्यासाठी म्हणून हेडफोन लोकांच्या कानांवर बसला तो १९५८ साली. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी एका प्रदर्शनात उचलून नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर मांडला होता. स्टीरिओची मजा कळावी म्हणून सोबत हेडफोन ठेवला होता. लोकांना प्लेअरचं फारसं कौतुक वाटलं नाही, पण हेडफोन कानाला लावलेला माणूस तिथून हलेना. या गोडीचं असंच आहे. वर्णन वाचून ती कुणाला लागत नाही. कुणीतरी आपला हेडफोन आपल्या कानांवर ठेवावा लागतो, आणि गाणं आपल्या ओळखीचं असावं लागतं.

यंत्र भारी असलं तरच गाणं भिडतं, असं मात्र कुणी समजू नये. पंडित भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून वेडे झाले, ती ग्रामोफोनच्या तबकडीवरच. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आणि सोबत यंत्राची खरखर! तरी १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून गेले. तेव्हा गाण्याची आवड यंत्र लावत नाही, ती आधी असावी लागते. चांगलं यंत्र इतकंच करतं, की आवडत्या गाण्यातलं जे आजवर आपल्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ते पोचवतं.

माझंच सांगते. आमचं कासार आंबोली पौड रस्त्याला, पिरंगुटच्या पुढं. २०२० सालच्या टाळेबंदीत धाकट्या दिरांचं हिंजवडीचं ऑफिस घरात आलं आणि त्याबरोबर एक मोठा, कान झाकणारा हेडफोनही आला. दिवसभर त्यांच्या मीटिंगा चालायच्या. रात्री तो टेबलावर पडलेला असायचा. एका रात्री आवराआवर झाल्यावर मी तो सहज कानाला लावला. बाहेर पत्र्यावर मुळशीचा पाऊस कोसळत होता. एरवी अशा रात्री शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळत नाही. मी किशोरीताई आमोणकरांचा ध्वनिमुद्रिकेवर निघालेला भूप लावला. माहेरी त्याची कॅसेट होती. बंदिश मला झोपेतसुद्धा म्हणता आली असती, इतकी ओळखीची.

आधी ऐकू आला तो तंबोरा. माझ्या हिशेबी तो मागं कुठंतरी गुणगुणणारा एक आवाज होता. इथं त्याची एक एक तार वेगळी सुटत होती. तबल्याचा ठेका डावा कुठं संपतो, उजवा कुठं लागतो ते कळत होतं. आणि मग ताईंनी सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. गाणारी बाई श्वास घेते, यात नवल ते काय? पण तो ऐकला आणि वाटलं, ही बाई हातभर अंतरावर बसली आहे आणि फक्त माझ्यासाठी गाते आहे. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ पासून भरतो. पण डिसेंबरात घर सोडून सलग तीन-चार दिवस मांडवात बसणं आपल्यापैकी किती जणींना जमतं? त्या रात्री मांडव माझ्या स्वयंपाकघरात आला.

पुढं दुपारी कधीमधी मी हेडफोन लावू लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “कानात बोळे घालून बसलीस, तर हाक कुणी ऐकायची गं?”

मला राग आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. घरात म्हातारी माणसं आहेत, मुलं आहेत. हाक ऐकणारं कुणीतरी हवंच. पण ते ‘कुणीतरी’ दर वेळी सूनच का? घरातला पुरुष कान बंद करून मॅच बघतो, तेव्हा ‘ते कामात आहेत, त्यांना हाक मारू नका’ असं मुलांना आपणच सांगतो. बाईनं अर्धा तास कान झाकले, तर मात्र घर उघडं पडल्यासारखं वाटतं. तिला स्वतःलाच वाटतं, हे त्याहून वाईट.

या बाबतीत जपानमधला एक किस्सा मला फार आवडतो. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. त्याआधी कंपनीचे अकिओ मोरिता तो घरी नेऊन ऐकत बसले होते. आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं त्यांच्या पत्नीला वाटलं आणि ती नाराज झाली, असं त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. मग त्यांनी काय करावं? पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय केली, आणि मध्येच एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक बटणही दिलं. बायकोच्या नाराजीतून एवढी सुधारणा झाली! तोडगा काढायचं मनात असलं की निघतो.

आमच्याकडे तोडगा निघाला तो पाळीचा. पाणी भरायची जशी पाळी असते, तशी हाकेची पाळी. दुपारी अडीच ते तीन दार उघडायचं, फोन घ्यायचा, आजी-आजोबांना काय हवं-नको बघायचं ते मुलांनी. सुट्टीच्या दिवशी ह्यांनी. आणि सासूबाईंच्या कानांना मी एकदा भीमसेनजींचे अभंग लावून दिले. त्या डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं हेडफोन अर्धवट बाजूला करून विचारतात, “इतके टाळ आधीपासून होते का गं यात?” आता तीन ते साडेतीन त्यांची पाळी असते, आणि हाक मी ऐकते.

बरं, आता खरेदीविषयी. कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये दोन जाती असतात. एक बंद पाठीचा. बाहेरचा आवाज कमी येतो, आतला बाहेर फुटत नाही. शेजारी बाळ झोपलं असेल किंवा घर रस्त्यालगत असेल तर हा बरा. दुसरा उघड्या, जाळीदार पाठीचा. सेनहायझर या जर्मन कंपनीनं १९६८ साली पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा असा हलका हेडफोन काढला आणि तो फार गाजला. यात आवाज मोकळा वाटतो आणि कुकरची शिट्टी, दाराची घंटाही ऐकू येते. आपल्यासारखीला तो सोयीचा. मात्र शेजारी बसलेल्यालाही आपलं गाणं ऐकावं लागतं.

कानात घालायची बोंडं घेतलीत, तर सोबत येणाऱ्या रबरी टोप्या बदलून बघा. टोपी सैल बसली की डग्ग्याची घुमार निघून जाते आणि आपण उगाच यंत्राला नावं ठेवतो. पारख करताना पाठ असलेलंच गाणं लावा. दोन हेडफोन ताडून बघताना आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. वायरवाला चार्ज करावा लागत नाही; पण नव्या मोबाईलला पुष्कळदा हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा जोडणी वेगळी घ्यावी लागते. गाण्यांच्या ॲपमध्ये दर्जा ‘हाय’ करून ठेवा. ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो, तेवढा हिशेब धरा. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच चढवा. मोठ्या हेडफोनच्या गाद्या घाम आला की कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.

कानांची काळजी मात्र पैशांच्याही आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा; तोच ९० वर नेला तर आठवड्याला फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ४० तासांना ७५ डेसिबल. घरात डेसिबल मोजायला कोण बसणार? साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाला ओरडून बोलावं लागलं, किंवा हेडफोन काढल्यावर कानात गूं गूं राहिली, तर आवाज फार झाला. आणि रस्त्यावर हेडफोन नको म्हणजे नको. आमच्या पौड रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक धावतात; चालताना किंवा गाडीवर असताना कान झाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

राहिला मुलाच्या चार हजारांचा प्रश्न. त्याला म्हणावं, मित्राचा हेडफोन एक दिवस घरी आण. त्याचं आवडतं गाणं आधी त्याच्या जुन्या वायरीतून ऐकवायचं, मग त्यातून. नवीन काय ऐकू आलं ते त्यानं आपल्याला समजावून सांगायचं. सांगता आलं, तर निम्मे पैसे त्याचे, निम्मे आपले. नाहीच सांगता आलं, तर त्याला हेडफोन नको आहे, मित्रासारखं दिसायचं आहे. ते दोनशेतही भागतं.

आणि मित्राचा तो हेडफोन परत देण्याआधी तुम्हीही अर्धा तास लावून बसा. लग्नाआधी जे गाणं जीव लावून ऐकत होता, ते काढा. हातात निवडायची भाजी नको, घड्या घालायचे कपडे नकोत. हाकेची पाळी कुणाची ते आधी ठरवून घ्या. ऐकताना काय नवं सापडलं, तेवढं मला पत्रानं कळवा.