रिपोर्ट नॉर्मल, बाई बेजार

चाळिशीतली बाई, हातात जाड फाइल आणि फाइलमध्ये एकही दोष नाही. अकोला-अमरावतीकडे दवाखान्याच्या बाकावर अशी एक तरी बाई रोज बसलेली असते. रक्त ठीक, एक्स-रे ठीक, कुणी एमआरआय करायला लावला तर तोही ठीक. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरी सासू म्हणते, "काई झालं नाई तिले, कामाचा कटाळा हाय." दोघांच्या निकालात फारसा फरक नाही. बाईचं मात्र मानेपासून टाचेपर्यंत आंग ठणकत असतं, रात्रभर झोपूनही सकाळी ताजं वाटत नाही आणि गॅसवर दूध ठेवलं की दोन मिनिटांत विसरायला होतं.

याचं नाव फायब्रोमायल्जिया. पुरुषांनाही होतो, पण निदान झालेल्यांत बायाच जास्त. यात सांधे झिजत नाहीत, स्नायू सुजत नाहीत. बिघाड असतो तो वेदनेची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या आणि तिथे तोलणाऱ्या यंत्रणेत. गावातली साधी कुरबुर चावडीवर पोचेस्तोवर मारामारी झालेली असते, तसा साधा दाबही मेंदूत वेदना होऊन पोचतो. हे रक्तात उतरत नाही, फोटोत दिसत नाही. १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहत. त्यांतले किमान ११ दुखले तर निदान होई. २०१० साली ही दाबादाबी मागे पडली. किती ठिकाणी दुखतं, झोप कशी लागते, थकवा किती, लक्षात राहतं का, आणि हे तीन महिन्यांपासून आहे का, याची विचारपूस तिच्या जागी आली. थायरॉइड, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व डी, संधिवात यांच्या तपासण्या करायच्या त्या दुसरं काही लपलेलं नाही ना हे पाहण्यासाठी. म्हणजे या आजाराला महागडं यंत्र लागत नाही, डॉक्टरची दहा-पंधरा मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत.

हे शहरी बायकांचं चोचल्याचं दुखणं, असं म्हणणाऱ्यांनी भिगवण आठवावं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं स्नायू-कंडरांचं किंवा कुठल्याच ठरीव आजारात न बसणारं होतं. ते सगळे फायब्रोमायल्जियाचे रुग्ण नव्हेत. पण खेड्यातलं बरंचसं दुखणं रिपोर्टात सापडत नाही, एवढं त्यातून कळतं.

नाव मिळालं नाही म्हणून इलाज थांबतो, असंही नाही. बाटली लागते, कमरेत सुई बसते, मेडिकलवरून डायक्लोफेनॅकची पट्टी येते. सूज नसलेल्या दुखण्यावर सूज उतरवणारी गोळी महिनोन्‌महिने! पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराची तक्रार आधीच घरोघरी ऐकू येते. तिथे या गोळ्यांची खैरात म्हणजे एका दुखण्यावर दुसरं विकत घेणं. रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन, किंवा ड्युलोक्सेटीन, प्रिगॅबलिन अशा औषधांनी काहींना उतार पडतो, तोही डॉक्टरच्या देखरेखीत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सगळे उपचार पारखून २०१६ मध्ये शिफारसी ठरवल्या, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची झाली: व्यायाम.

यावर वऱ्हाडातली बाई हसेल. दिवाळीपासून कापूस वेचणारीला, सोयाबीन सोंगणारीला कसला व्यायाम शिकवता? तिचा प्रश्न रास्त आहे. पण वेचणीत पाठ तासन्‌तास एकाच कोनात वाकलेली असते, बोटांची हालचाल तीच ती असते, आणि मजुरी किलोवर असल्याने थांबायचं कधी हे तिच्या हातात नसतं. व्यायामात ते तिच्या हातात असतं, गुण तिथेच आहे. सुरुवात पाच-दहा मिनिटं चालण्याने करायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. पहिले काही दिवस दुखणं वाढल्यासारखं वाटतं, ते धरून चालायचं.

आणखी अवघड आहे ते बऱ्या दिवशी स्वतःला आवरणं. आज बरं वाटतं म्हणून बाई गोधड्या धुते, कुरडया घालते, पापड लाटते, आणि पुढचे दोन दिवस उठू शकत नाही. घरचे लगेच म्हणतात, "काल तर चांगली पापड लाटत होती!" काम अर्ध्यावर सोडून उठणं हाच इथे उपचार आहे, पण तो एकट्या बाईने करायचा नाही, उरलेलं काम घरातल्यांनी उचलायचं आहे. झोपेचंही तसंच. या आजाराचा जागतिक दिवस १२ मे. तेव्हा अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. घरात एकच कूलर असेल तर तो कोणाच्या खाटेकडे वळलेला असतो, हे विचारून पाहावं.

ज्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि जिथल्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवले, त्या गावाला व्यायाम बाहेरून आणावा लागू नये. मंडळाने सकाळचा एक तास या बायांसाठी राखून ठेवावा. पदकांसाठी नव्हे, सावकाश चालण्यासाठी आणि ताण सोडण्यासाठी. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागांनी त्यांना तिथे धाडावं, आणि तालुक्याच्या गावी हेच आशाताईंमार्फत व्हावं. खर्च नगण्य आहे.

आणि डॉक्टरांना एक विनंती. रिपोर्ट नॉर्मल आले तरी बाईला "काही नाही" म्हणू नका. केसपेपरवर आजाराचं नाव मराठीत, स्पष्ट अक्षरात लिहा आणि सोबत आलेल्या नवऱ्याला ते मोठ्याने वाचायला लावा.