लेकुरवाळीने गोधडीच्या वर्गाला जावे काय?

हा प्रश्न आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण अंग दुखते, झोप लागत नाही, उगीच रडू येते अशा तक्रारी घेऊन आलेल्या तरुण मातेला ‘दिवसभरात स्वतःसाठी किती वेळ मिळतो?’ असे विचारून पाहावे. पुष्कळदा तिला प्रश्नच कळत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. मुलांची देखभाल यात धरलेली नाही, ती निराळी!

अशा बाईने आठवड्यातून दोनदा दोन तास शिवणवर्गाला जातो म्हटले, की घरातून ठरलेले उत्तर येते: ‘गोधडीच शिवायची ना, मग घरीच शिव की.’ ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात घरी चार टाके घातले की बाळ उठते, कुकर होतो, दाराशी कुणी येते. महिन्याभराने ते कापड गाठोड्यात जाते. शिवाय पूर्वी गोधडी एकटीने कुठे शिवली जात होती? दुपारी ओसरीवर जुनी लुगडी पसरून चौघी-पाचजणी धावदोरा घालीत, पोरे बाजूला निजत, आणि सासरमाहेरचे बोलणे होऊन मन हलके होई. ती ओसरी गेली. आता वर्ग हीच तिची जागा आहे, आणि माझ्या मते औषधाच्या बाटलीइतकीच तिची गरज आहे.

तान्हे बाळ असेल तर त्याला बरोबर न्यावे. वर्ग चालविणाऱ्या बाईंनी एका कोपऱ्यात सतरंजी अंथरून पाजायला आडोसा द्यावा, एवढ्याने काम होते. बाळ घरी ठेवायचे तर आईचे काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने पाजता येते, बाटली नको. दोन तास बाळ सांभाळणे हे वडिलांचेही काम आहे. तो काही घरात पाहुणा नव्हे.

सुयांबाबत मात्र कडक राहावे. उठताना सुया मोजून झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. मुलाने सुई गिळल्याचा संशय आला तर केळे चारणे, ओकारी काढणे असले उपाय करू नयेत. काही खायला न देता तडक रुग्णालयात न्यावे. आणखी एक सांगायचे, पहिली गोधडी बाळासाठीच शिवायची हौस असते. पण वर्षाच्या आतील बाळाच्या अंगावर जाड गोधडी घालू नये, तोंडावर आल्यास श्वास कोंडतो. त्याला पातळ दुपटे शिवावे, गोधडी पुढे उपयोगी पडेल. शिवताना भिंतीला पाठ टेकावी, अर्ध्या तासाने उठून मान मोकळी करावी. सिझेरियन झालेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच जमिनीवरची बैठक सुरू करावी.

वर्गाने सारे बरे होईल असे मात्र मी म्हणत नाही. दोन आठवडे उदासी हटत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि जिवाचे बरेवाईट करून घ्यावे किंवा बाळाला इजा करावी असे विचार मनात आले, तर दोन आठवडे नव्हे, दोन तासही थांबू नये.

वर्ग भरविणाऱ्या महिला मंडळांना एक विनंती. संध्याकाळी सहाची वेळ ठेवू नका. त्या वेळी पोळपाट तिच्याच हाती असतो. अंगणवाडी चालू असते त्या वेळेत वर्ग ठेवून पाहा, किती जणी येतात ते दिसेल.