तोंड कुणीकडे होते?

त्या सकाळी घरात होता की अंगणात? कोणत्या भिंतीआड? उभे होता की बसलेले? तोंड कुणीकडे होते? हिरोशिमा-नागासाकीत बॉम्बमधून वाचलेल्यांना अमेरिकी आयोगाची माणसे १९५०च्या दशकात असे खोदून खोदून विचारत होती. उत्तरावरून घराचा आराखडा काढायचा, मग कौलांनी आणि भिंतींनी किती किरण अडवले याचा हिशेब मांडायचा. तो पक्का करण्यासाठी अमेरिकेने पुढे नेव्हाडाच्या वाळवंटात जपानी धाटणीची घरे उभारली आणि उंच मनोऱ्यावर टांगलेल्या अणुभट्टीचे किरण त्यांच्यावर सोडले. एवढे खोदून विचारणारा आयोग माणसांना तपासत असे. उपचार करणे मात्र त्याच्या कामात बसत नव्हते!

जपानी संशोधकांनी किरणांच्या अभ्यासाची स्वतःची संस्था १९५९ साली काढली आणि पुढच्याच वर्षी ‘जर्नल ऑफ रेडिएशन रिसर्च’ हे नियतकालिक. १९७५ साली त्याने दोन्ही शहरांतल्या तीस वर्षांच्या अभ्यासावर खास पुरवणी काढली. आज ते किरणोपचार करणाऱ्या जपानी डॉक्टरांच्या संस्थेचेही मुखपत्र आहे. त्यामुळे किरणांनी कर्करोग कसा होतो आणि किरणांनीच तो कसा जाळायचा, या दोन्हींचे लेख तिथे शेजारी नांदतात. चिबा येथे १९९४पासून कार्बनच्या जड कणांनी गाठींवर उपचार होतात; तोही याच घरातला विषय. आणखी एक बरे आहे, हे लेख कोणालाही फुकट वाचता येतात. ज्यांच्या देहावरून हे ज्ञान आले, त्यांच्या नातवंडांना ते विकत घ्यायला लावणे फारच ओशाळवाणे झाले असते.

आपला याच्याशी संबंध काय? आपल्याकडे पेशंट ज्याला ‘शेक’ म्हणतात, ते किरणोपचार देणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले, ते त्यावरून कळते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट. पूर्वी जगभर ५० चालत. मग त्या घरांचा, त्या भिंतींचा हिशेब १९८६ साली नव्याने झाला, वाचलेल्यांमधले कर्करोगही वय वाढेल तसे दिसू लागले आणि धोका समजत होतो त्याहून मोठा निघाला. १९९०मध्ये किरणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आकडा खाली आणला.

सहा ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, आपल्या शाळांतून मुले कागदाचे क्रौंच पक्षी करतात, ठीकच आहे. पण किरणोपचाराच्या अभ्यासक्रमात २० हा आकडा पाठ करून घेताना तो कोणाच्या अंगावरून आला, हे सांगायला एक तास काढायला काय हरकत आहे? बिल्ला तर दर तीन महिन्यांनी मोजणीला जातोच.