एकट्या घराच्या भरवशावर

मूल आपली भाषा सोडू लागलं, आपल्या समाजाचं नाव सांगायला कचरू लागलं, की बोट लगेच आईवडिलांकडे वळतं. घरात बोलला असतात, सणवार केले असतेत, आजीच्या सहवासात ठेवलं असतंत तर पोर असं तुटलं नसतं, हा निवाडा पुण्यात ऐकू येतो आणि न्यू जर्सीतही. ओळख घरात घडते. शाळा पोटापाण्यासाठी, मित्र खेळण्यासाठी, टीव्ही-मोबाइल करमणुकीसाठी, असा हा पूर्वपक्ष आहे. तो इतका सरळ वाटतो, की त्याची परीक्षा घ्यावी असं कुणाच्या मनात येत नाही. न्यूझीलंडच्या माओरी समाजाने मात्र ती परीक्षा शंभर वर्षं दिली आणि तिची फार मोठी किंमत मोजली.

१८६७च्या कायद्याने माओरी गावांमध्ये शाळा निघाल्या. जागा गावाने द्यायची, शिकवायचं मात्र इंग्रजीतून. हे सगळं वरून लादलं गेलं एवढंच म्हटलं तर निम्मी हकीकत सुटते. अनेक माओरी पुढाऱ्यांनीच इंग्रजीचा आग्रह धरला होता. वी ते हाकिरो आणि त्यांच्या तीनशेहून अधिक सहकाऱ्यांनी १८७६मध्ये संसदेकडे अर्ज केला, तो शाळांमध्ये इंग्रजीच चालावी यासाठी. पुढे सर आपिराना न्गाता यांच्यासारख्या थोर नेत्यानेही शाळेत इंग्रजीला अग्रक्रम दिला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ही भूमिका बदलली. यांपैकी कुणालाही मुलांनी माओरी विसरावी असं वाटत नव्हतं. इंग्रजी शाळेने द्यावी, माओरी घर देईलच, असा त्यांचा हिशेब होता. आणि तेव्हाची घरं काही दुबळी नव्हती. एका छपराखाली तीन पिढ्या, गावात ‘माराए’ म्हणजे सामाजिक बैठकीचं आवार, वंशावळी तोंडपाठ असलेले वडीलधारे. १९१३ साली शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्के मुलं माओरी बोलत होती. १९७५ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं.

एवढी भक्कम घरं हरली कशी? दुसऱ्या महायुद्धात माओरी पलटणीचं नेतृत्व केलेले सर जेम्स हेनारे यांनी पुढे माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणासमोर आपल्या शाळेची आठवण सांगितली. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात पाठवलं गेलं, तिथून वेल तोडून आणायला लावली आणि त्याच वेलीने मारलं गेलं. पोट भरायचं तर इंग्रजी बोल, हेही बजावलं गेलं. अशा शाळांतून बाहेर पडलेली मुलं पुढे आईबाप झाली. आपल्या वाट्याला आलं ते लेकरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी मुलांशी इंग्रजी धरली. हा निर्णय घरातच झाला, मायेने झाला. पण तो घ्यायला लावला शाळेने. युद्धानंतर कुटुंबं खेड्यांतून शहरांत आली, तेव्हा सरकारी घरवाटपात त्यांना मुद्दाम गोऱ्या शेजारात विखरून बसवलं गेलं. खेळायला निघालेल्या मुलाला गल्लीत माओरी बोलणारा सवंगडीच उरला नाही. या आईवडिलांना ‘तुम्ही कमी पडलात’ म्हणणं हा अन्याय आहे.

यावर दुसरा पक्ष पुढे येतो: ओळख रक्तातच असते, भाषा-बिषा गेली तरी ती आपोआप टिकते. तसं असतं, तर १९७०च्या सुमारास ऑकलंडमध्ये ‘न्गा तामातोआ’ ही तरुणांची संघटना उभी राहण्याचं कारणच नव्हतं. शहरात वाढलेली, विद्यापीठात शिकणारी ही मुलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माओरी नीट बोलता येत नव्हती, आणि आपल्यापासून काहीतरी काढून घेतलं गेलंय ही जाणीव त्यांना एकमेकांच्या संगतीत झाली. शाळांमध्ये माओरी शिकवा, अशी मागणी करणारा अर्ज त्यांनी तीस हजारांहून अधिक सह्यांनिशी १४ सप्टेंबर १९७२ला संसदेत नेला. हाना ते हेमारा ही तरुणी त्या मोहिमेच्या अग्रभागी होती. समवयस्कांची संगत मुलांना आपल्या मुळांपासून तोडते, अशी तक्रार सतत होते. इथे त्याच संगतीने घराची हरवलेली वस्तू परत मागितली.

करमणुकीची माध्यमं ओळख पुसतात, हाही असाच अर्धवट आरोप. न्गोई पेवहाइरांगी या कवयित्रीने आणि दालवानिअस प्राइम या संगीतकाराने ‘पोई ए’ हे माओरी गाणं रचलं, ते तरुण मुलांना आपल्या भाषेचा अभिमान त्यांच्याच ठेक्यावर मिळावा म्हणून. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा प्राइम यांनी ते स्वतः काढलं. गाणारा संच पातेआ गावचा. तिथला मांस-प्रक्रियेचा मोठा कारखाना १९८२मध्ये बंद पडून गाव बेकार झालेलं. १९८४मध्ये हे गाणं सलग चार आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच वर्षी ऑकलंडच्या टेलिफोन केंद्रातल्या नाइदा ग्लॅविश यांना ग्राहकांशी बोलताना ‘किया ओरा’ हे माओरी अभिवादन म्हणायला वरिष्ठांनी मनाई केली. त्यांनी ऐकलं नाही. प्रकरण पंतप्रधानांपर्यंत गेलं आणि अखेर मनाई उठली. घरात आजी ‘किया ओरा’ म्हणते आणि सरकारी फोनवर ते म्हणायची बंदी असते, तेव्हा मूल कोणता धडा लक्षात ठेवील?

मग पुनरुज्जीवन झालं ते कसं? १९८२मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ उघडलं. माओरीतूनच चालणारी ही बालवाडी. मधल्या पिढीला भाषा येत नव्हती, म्हणून आजी-आजोबांच्या वयाची माणसं थेट नातवंडांपुढे बसली. १९९४पर्यंत अशी ८०० केंद्रं आणि त्यांत १४ हजार मुलं होती. पण सुरुवातीलाच एक कटू गोष्ट ध्यानात आली होती: बालवाडीतून इंग्रजी शाळेत गेलेली मुलं भराभर माओरी विसरत होती. म्हणून १९८५मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती माराएवर माओरी माध्यमाची शाळा, ‘कुरा काउपापा’, सुरू झाली. १९८७मध्ये माओरी ही राज्यभाषा झाली, २००४मध्ये माओरी दूरचित्रवाहिनी आली, २०१७मध्ये डिस्नेचा ‘मोआना’ माओरीत आला. १९९९च्या रग्बी विश्वचषकात हिनेवेही मोही यांनी इंग्लंडमधल्या ट्विकनहॅमच्या मैदानावर राष्ट्रगीत केवळ माओरीतून गायलं. देशात गदारोळ झाला, पण त्यानंतर ते दोन्ही भाषांतून गाण्याचा प्रघात पडला.

शंका घेणारे इथे आकडा पुढे करतील, आणि तो खरा आहे. माओरीतून संभाषण करू शकणाऱ्यांचं माओरी समाजातलं प्रमाण १९९६मध्ये सुमारे २५ टक्के होतं, ते २०१३मध्ये २१ टक्क्यांवर आलं. इतकं करूनही घसरण! पण तेवढ्याने हे प्रयत्न वाया गेले असं ठरत नाही. जन्मतः भाषा बोलणारी जुनी माणसं त्या काळात जात होती, आणि माओरी माध्यमात शिकणारी मुलं त्यांच्या समाजात अल्पसंख्यच राहिली. बहुसंख्य माओरी मुलं इंग्रजी शाळांतच होती. औषध थोड्यांना मिळालं, एवढंच तो आकडा सांगतो.

ज्यांना ते मिळालं, त्यांच्यापैकी एक हाना-राव्हिती माइपी-क्लार्क. २००२मध्ये जन्मलेली, माओरी माध्यमात शिकलेली, २०२३मध्ये एकविसाव्या वर्षी संसदेत निवडून आलेली. आजोबा ‘न्गा तामातोआ’मधले, आणि १९७२चा अर्ज नेणारी हाना तिची आत्या-मावशीच्या नात्यातली. १४ नोव्हेंबर २०२४ला, माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या वायतांगी कराराचा नवा अर्थ लावू पाहणाऱ्या विधेयकाची प्रत तिने सभागृहात फाडली आणि ‘हाका’ हा माओरींचा पारंपरिक घोष-नाच सुरू केला. फोनच्या पडद्यांवर ते दृश्य जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिलं. पुढच्या एप्रिलमध्ये विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. या मुलीत घर किती, शाळा किती, चळवळीतली पिढी किती आणि पडदा किती, हे वेगळं काढता येत नाही. घराचं मोल कमी आहे असं कुणी म्हणत नाही. ज्या घराच्या पाठीशी शाळा, मैदान आणि पडदा उभे असतात, तेच घर मुलाला काही देऊ शकतं, असं मात्र ठामपणे म्हणायला हवं.

मराठी घरांनी ही कहाणी दूरची मानू नये. आठ कोटींहून अधिक लोकांची, राज्य असलेली भाषा आणि वसाहतीखाली चेपलेली माओरी, यांत अंतर मोठं आहे. तरीही ‘शाळा इंग्रजी, घर मराठी’ हा आजच्या शहरी कुटुंबाचा करार वी ते हाकिरोंच्या काळातल्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. ते आवश्यकच होतं. पण वेळापत्रकातला तास संपल्यावर त्याच शाळेच्या मैदानावर, स्नेहसंमेलनात, सहलीच्या बसमध्ये मुलं कोणत्या भाषेत हसतात आणि भांडतात, मराठीत बोलणाऱ्या मुलाकडे वर्ग कसा पाहतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाला आवडेल असा मराठी कार्यक्रम त्याच्या फोनवर आहे की नाही, हे प्रश्न आईवडिलांना विचारून सुटणार नाहीत. ते मुख्याध्यापकांना, वाहिन्यांना, चित्रपट काढणाऱ्यांना आणि सरकारला विचारायला हवेत, आणि मुलं बालवाडीत आहेत तोवर विचारायला हवेत.