आपल्या जंगलातल्या भुताचं नाव ‘अज्ञात इसम’

चार मित्र, एक जीप, दोन बंदुका आणि मागच्या सीटवर दारूच्या बाटल्या. रस्त्यात चहाच्या टपरीवर एक म्हातारा सांगतो, “रात्री तिकडं नोका जाऊ बापू.” चौघं हसतात. पुढे गाडी बंद पडते, मोबाइलची रेंज जाते आणि मग एकेक जण कमी व्हायला लागतो.

हा सिनेमा तुम्ही पाहिलेला आहे. नाव आठवणार नाही, कारण या साच्याचे सिनेमे ढिगाने निघाले आणि अजून निघतात. हल्ली तर मुद्दाम जुना, सत्तर-ऐंशीच्या दशकातला रंग आणून काढतात. फिकट प्रिंट, भडक रक्त, रबराचा मुखवटा. पैसे कमी लागतात, नट नवे चालतात आणि जंगल फुकट मिळतं. मला हे सिनेमे आवडतात, उगाच लपवत नाही. आणि माझं म्हणणं असं की, शिकारीला गेलेल्या चार मित्रांचा असा एक स्वस्तातला भयपट आपल्या सानगडी-साकोलीकडे निघायलाच पाहिजे. फक्त त्यातलं भूत बदलावं लागेल.

आधी थोडा इतिहास. १९७२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी अमेरिकेत ‘डिलिव्हरन्स’ आला. शहरातले चार मित्र, सोबत धनुष्यबाण, रानातल्या नदीवर सहल आणि मग जिवावरचं संकट. तो तसा भयपट नव्हे, पण पुढच्या कितीतरी भयपटांनी त्याचा सांगाडा उचलला. त्याच वर्षी आपल्याकडे रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ लागला. अख्खं कुटुंब बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं आणि साधारण साडेतीन लाखांत सिनेमा पूर्ण करून आणला. आणि त्याच १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याआधी जंगलात परवाना काढून, ठरवून दिलेल्या ब्लॉकमध्ये शिकार करता यायची. मचाण, हाका, पाहुणे, मेजवानी असा तो थाट होता. कायद्याने तो संपवला.

शिकार मात्र संपली नाही, ती अंधारात गेली. आपल्या भागातला खरा भयपट सुरू होतो तो इथून.

जुन्या साच्यात एक मोठी खोट आहे. त्यात राक्षस कोण असतो? बहुतेक वेळा गावातला माणूस. दात पडलेला, अडाणी, अंगावर चिंध्या. शहरातली पोरं निष्पाप आणि रानातली माणसं क्रूर. ‘डिलिव्हरन्स’चं शूटिंग जॉर्जियाच्या ज्या भागात झालं, तिथल्या लोकांना हीच तक्रार होती की आम्हाला जगापुढे रानटी करून टाकलं. उद्या मुंबईहून कोणी येऊन नवेगावच्या जंगलात असा सिनेमा काढला, तर त्यातला राक्षस गोंड आदिवासी किंवा एखादी म्हातारी असणार, हे मी आत्ताच सांगतो. आणि आपल्याकडे ही गंमत राहत नाही. जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण, गावातून बहिष्कार, प्रसंगी खून, हे पूर्व विदर्भाने पाहिलंय. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कागदावरून गावात उतरायला अजून वेळ आहे. अशा मुलखात चेटकिणीचा सिनेमा काढणं म्हणजे तणसाच्या ढिगाजवळ बिडी ओढणं.

मग भीती आणायची कुठून? विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) ते दाखवून दिलंय. उसाचं शेत, त्यात एक घर, एक गरोदर बाई आणि मोजकी माणसं. सगळा भपका एवढाच. पण त्यातली भुतं आकाशातून पडलेली नव्हती, ती गावाने मारलेल्या मुलींच्या पापातून उठलेली होती. म्हणून सिनेमा अंगावर आला, आणि चार वर्षांनी हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा निघाला. मला यातून एवढंच कळलं की, बजेट कमी असेल तर भीती विकत आणता येत नाही, ती जागेवरच असावी लागते.

आपल्याकडे ती आहे. सानगडीच्या आसपासच्या कुठल्याही गावात दिवाळीच्या सुमाराला जा. बांध्यांमध्ये धान पिकलेला असतो. रात्री रानडुकरांचा कळप शिरला की वर्षभराची मेहनत सकाळी आडवी झालेली दिसते. त्याच दिवसांत जंगलाच्या कडेला बारीक तार ओढली जाते, आणि तिच्यात विजेच्या लाइनवरून आकडा टाकून करंट सोडला जातो. ती तार अंधारात दिसत नाही. तिला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. शेतीपंपाची वीज पाळीप्रमाणे रात्रीची मिळते, म्हणून कोणीतरी शेतकरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो. कोणी बैल शोधायला जातो. धुऱ्यावरून चालताना पाय अडकतो आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी बातमी येते. इतकी वर्षं अशा बातम्या लिहून तिची वाक्यं मला झोपेतही म्हणता येतील. ‘विद्युत तारेच्या स्पर्शाने इसमाचा जागीच मृत्यू. अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा दाखल. पुढील तपास सुरू.’

हा अज्ञात इसम कोण? पोलिसांच्या कागदावर तो अज्ञात असतो, पण गावात अनेकांना त्याचं नाव ठाऊक असतं. तार कोणी ओढली, मटणाचे वाटे कोणाकोणाकडे गेले, बाहेरून आलेली गाडी कोणाच्या अंगणात उभी होती. विचारलं तर उत्तर एकच, “आपल्याले का करा लागते?” माझ्या मते आपल्या जंगलातलं सगळ्यात भयानक वाक्य ते आहे. रामसेंच्या हवेलीतली किंकाळी त्याच्यापुढे काहीच नाही.

वाघही यातून सुटलेला नाही. नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला जय २०१६ मध्ये दिसेनासा झाला, त्याची चर्चा देशभर झाली. पुढच्याच वर्षी त्याचा बछडा श्रीनिवास गायब झाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, तिचा सिग्नल बंद पडला. शोधाशोध झाली आणि नागभीडकडच्या एका शेतात तो पुरलेला सापडला. डुकरांसाठी सोडलेल्या करंटमध्ये सापडून मेला होता. विचार करा, एवढा मोठा वाघ, रात्रीतून खड्डा, वर माती आणि सगळीकडे शांतता. पटकथा लिहिणाऱ्याला याहून काय पाहिजे?

आता माझ्या डोक्यातला सिनेमा सांगतो. तालुक्याच्या गावातले चार मित्र आहेत. कोणी ठेकेदार, कोणी कुठल्याशा पुढाऱ्याच्या मागे फिरणारा, एक साधा नोकरदार आणि एक गावातलाच, वाट दाखवणारा. रात्री तार लावतात आणि डुकराची वाट बघत बसतात. धपकन आवाज येतो. बत्ती मारून बघतात तर माणूस. आणि तो ओळखीचा निघतो. पुढचा दीड तास चौघं एकमेकांकडे बघतायत. पुरायचं की पळायचं? पोलीस पाटलाला सांगायचं की आमदाराच्या माणसाला फोन लावायचा? सकाळ व्हायच्या आत प्रत्येकाला उरलेल्या तिघांची भीती वाटायला लागते. यात मुखवटा नाही, चेटकीण नाही. भूत पाहिजेच असेल तर मेलेला माणूस परत येऊ द्या. त्याने काही करायचं नाही, फक्त गावातल्या प्रत्येक घरासमोर जाऊन उभं राहायचं.

यावर दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला, शेतकऱ्याला बदनाम करता का? नाही. डुकराने धान खाल्ल्यावर पंचनामा, अर्ज आणि हेलपाटे याच्यात माणूस कसा पिळला जातो ते मी जवळून बघतो. रानडुकरासाठी परवानगी मागायची तरतूद आहे, सौर कुंपणाला अनुदान आहे, पण ते वेळेवर आणि सगळ्यांना मिळतं असं कोणी छातीठोकपणे सांगावं. सौर कुंपणाचा झटका जनावराला हाकलतो, मारत नाही. लाइनवरून घेतलेला करंट मारतो, आणि मरणारा बहुतेक वेळा दुसरा गरीब शेतकरीच असतो. पीक वाचवायला हतबल झालेला माणूस वेगळा आणि मटणाच्या पार्टीसाठी जीप घेऊन येणारे वेगळे. चांगला सिनेमा हा फरक दाखवू शकतो. बातमीच्या चार ओळींत तो मावत नाही.

दुसरा, जंगलाची बदनामी होईल, पर्यटक येणार नाहीत. अहो, या जंगलाचं सौंदर्य लिहायला व्यंकटेश माडगूळकरांपासून मारुती चितमपल्लींपर्यंत मोठी माणसं येऊन गेली. नागझिरा आणि नवेगाव मराठी वाचकाला त्यांनीच दाखवलं. पण त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची भीती कोणी मांडली? २०२२ मध्ये वडसा, ब्रह्मपुरी आणि आपल्या लाखांदूरच्या पट्ट्यात सीटी-वन वाघाने तेरा माणसं मारली तेव्हा आपण महिनोन्‌महिने जीव मुठीत धरून होतो. ऑक्टोबरमध्ये तो पकडला गेला. वाघाची भीती पिंजऱ्यात घालता येते. तारेची भीती दर हंगामात पुन्हा येते, कारण ती लावणारा आपल्यातच राहतो.

राहिला प्रश्न, करणार कोण? याचं उत्तर तर आपल्या दारात आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्र-रात्र प्रयोग करतात. थंडीत चादर पांघरून हजारो माणसं तिकीट काढून बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नट आहेत, लेखक आहेत, रात्रभर जागणारा प्रेक्षक आहे. तिकडे मालेगावच्या पोरांनी घरच्या सामानात ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे त्यांच्यावरच सिनेमा निघाला. आपल्या पोरांच्या हातात त्यांच्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे, आणि ते रात्री सानगडीच्या किल्ल्यावर जाऊन ‘इथे भूत दिसतं’ अशा रील बनवतात. पोरांनो, भोसल्यांच्या त्या किल्ल्याला सोडा. त्याला भुताची नाही, डागडुजीची गरज आहे. कॅमेरा धुऱ्याकडे वळवा.

सिनेमा निघेल तेव्हा निघेल. तोपर्यंत एक करा. जंगलाच्या कडेला तार ओढलेली दिसली तर हात लावू नका आणि गप्पही बसू नका. वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे, वीज कंपनीचा लाइनमन आहे, पोलीस पाटील आहे. पुढच्या बातमीत मेलेल्याचं नाव मला लिहावंच लागेल. मारणाऱ्याचंही लिहिता यावं, एवढंच मागणं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली बोला, पण बोला.