क्लोनिंगचा कच्चा माल

माणसाची प्रतिकृती निर्माण करून तिचे अवयव रुग्णाला बसवावेत काय, हा प्रश्न निघाला की धर्ममार्तंड ईश्वराच्या अधिकारावरील अतिक्रमणाची तक्रार घेऊन पुढे येतात आणि विज्ञानाचे भाट त्यांना मागासलेले ठरवून मोकळे होतात. १९९७ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेने ‘डॉली’ मेंढीच्या जन्माची वार्ता जाहीर केली, तेव्हापासून हा वाद असाच चालू आहे. डाव्या चळवळीने यापैकी कोणाचीच तळी उचलण्याचे कारण नाही. तिने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या उद्योगाला लागणारा कच्चा माल कोणाच्या शरीरातून येणार?

अवयव काढून घेण्यासाठी जन्माला घातलेला माणूस हाही माणूसच आणि त्याचा वध हा वधच. त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही. खरा प्रश्न उपचारासाठीच्या क्लोनिंगचा आहे. त्यात रुग्णाच्या पेशीतील केंद्रक काढून ते रिकाम्या केलेल्या स्त्रीबीजात बसवतात, त्यातून काही दिवसांचा भ्रूण वाढवतात आणि त्याच्या मूलपेशींपासून रुग्णाचे शरीर नाकारणार नाही अशी ऊती मिळवण्याचा प्रयत्न करतात. संपूर्ण मानवी अवयव या मार्गाने अद्याप कोणालाही घडवता आलेला नाही. तरीही हे संशोधन बंद करा असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाला आज आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. श्रमिक कुटुंबाचे कंबरडे शस्त्रक्रियेने मोडले नाही, तर या औषधांनी मोडते.

परंतु प्रत्येक प्रयत्नास एक स्त्रीबीज लागते आणि बहुतेक प्रयत्न फसतात. एका डॉलीसाठी २७७ बीजे खर्ची पडली होती. मेंढीच्या जागी बाई आली म्हणजे तिला कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात आणि नंतर सुईने बीजे काढून घेतली जातात. काही जणींचे बीजकोश सुजतात, पोटात पाणी साठते, क्वचित जीवही जातो.

दक्षिण कोरियात जे घडले ते या दृष्टीने प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे. सेऊल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांनी २००४ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचा आणि २००५ मध्ये रुग्णांशी जुळणाऱ्या ११ पेशीमालिका तयार केल्याचा दावा केला. सरकारने त्यांना सर्वश्रेष्ठ वैज्ञानिक ठरवले, टपाल तिकीट काढले. शंका घेणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या जाहिराती बंद पडल्या आणि देशभक्तीच्या लाटेत शेकडो स्त्रिया बीजदानासाठी नावे नोंदवू लागल्या. जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्या चौकशी समितीने सांगितले की, अशी एकही पेशीमालिका अस्तित्वात नव्हती. मात्र शंभराहून अधिक स्त्रियांकडून घेतलेली दोन हजारांवर बीजे खरी होती! अनेकींना पैसे देण्यात आले होते. बीजे देणाऱ्यांत प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिकाही होत्या. ज्याच्या हाती नोकरी आणि बढती, त्याच्यापुढे दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हे कारखान्यातील कामगाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २००९ मध्ये न्यायालयाने ह्वांग यांना निधीच्या अपहाराबरोबरच बीजांच्या बेकायदा खरेदीबद्दलही दोषी ठरवले. जगाच्या स्मरणात राहिली ती विज्ञानातील लबाडी. त्या स्त्रियांची आठवण प्रामुख्याने कोरियातील महिला संघटनांनीच ठेवली.

मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध घोषणापत्र ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केले. त्यामागे व्हॅटिकन आणि बुश यांच्या अमेरिकेचा जोर होता. उपचारासाठीचे क्लोनिंग वगळावे, या भूमिकेतून भारताने विरोधी मत दिले. ते मत योग्यच होते. मात्र भ्रूणाच्या पावित्र्यावर झालेल्या त्या गदारोळात बीज देणाऱ्या बाईचा प्रश्न कोपऱ्यातच राहिला.

स्त्रीचा आपल्या शरीरावर हक्क आहे, तिने बीज विकले तर बिघडले काय, असा युक्तिवाद पुरोगामी वर्तुळातही ऐकू येतो. त्याचे उत्तर मूत्रपिंडाच्या बाजाराने दिलेले आहे. अवयवविक्रीला बंदी करणारा १९९४ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून लागू आहे. तरीही २००६ साली अमरावती जिल्ह्यातील शिंगणापूरच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी किडनी विक्री केंद्राचा फलक लावला. तो निषेध होता, पण त्यातील हिशेब खोटा नव्हता. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हेही याच समाजातील वास्तव आहे. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे स्वातंत्र्य फार तर कोणता अवयव आधी विकावा एवढ्यापुरते असते.

येथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मोबदल्याला बंदी केली की डॉक्टर, प्रयोगशाळा, औषध कंपनी आणि एकस्व घेणारा असे सारे कमावतात. फुकट देते ती एकटी बाई. त्यागाच्या नावाने तिला राबवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून केवळ बंदीची मागणी अपुरी ठरते. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर खाजगी एकस्व नको, ही मागणी तिच्या जोडीने आली पाहिजे. स्त्रीबीजाविनाच मूलपेशी मिळवण्याच्या मार्गाला सरकारी निधीत अग्रक्रमही मिळाला पाहिजे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून तशा पेशी करून दाखवल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले.

भारतात प्रतिकृती माणूस जन्माला घालण्यास मनाई आहे, पण ती आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. वंध्यत्वावरील उपचारांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि तिच्याकडून सातहून अधिक बीजे घेता येत नाहीत. ही मोजदाद आपल्या जिल्ह्यातील केंद्रांत कोण करतो, तपासणी शेवटची केव्हा झाली आणि बीज देऊन आजारी पडलेल्या स्त्रीने कोणाचे दार ठोठवायचे, हे प्रश्न महिला आघाडीने आणि आरोग्यक्षेत्रातील साथींनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.